फ्रिजवरची चौतीस कलमी यादी

मावशी,

मी 26 वर्षांची. मूळची इचलकरंजीची, सध्या हिंजवडीत एका कंपनीत सपोर्टला आहे. शिफ्ट दर दोन आठवड्यांनी बदलते. तीन वर्षांपूर्वी मामेबहिणीच्या हळदीला रात्रभर जागलो आणि पहाटे साडेपाचला दात घासताना मी पडले. अंग ताठ झालं, हातपाय झटकत होते, जीभ चावली, कपडे ओले झाले. मला यातलं काही आठवत नाही. ईईजीत, म्हणजे मेंदूच्या विजेच्या आलेखात, दोष निघाला, एमआरआय चांगला आला, लेव्हेटिरासिटाम हे फिटचं औषध सुरू झालं. पुढच्या वर्षी दिवाळीत पुन्हा तसंच झालं, तेव्हा गोळ्या पीजीवरच विसरल्या होत्या. त्यानंतर तसं कधी झालं नाही.

पण वर्षभर वेगळंच चाललंय. ऑफिसात बसल्या बसल्या हात थरथरतात, घशात गोळा येतो, लोकांचे आवाज लांबून आल्यासारखे वाटतात. मग मी डोळे मिटून पडते. अंग हलत राहतं, मध्येच थांबतं, पुन्हा सुरू होतं. वीस-पंचवीस मिनिटं. ऐकू सगळं येतं, बोलता येत नाही. नंतर रडू फुटतं. आठवड्यातून दोन-तीनदा. गोळी 500 ची 1000 झाली, दोन्ही वेळा. वर क्लोबाझाम आली. झोप आवरत नाही, घरी सगळ्यांवर खेकसते, आणि झटके तेवढेच. मागच्या महिन्यात इमर्जन्सीत एक डॉक्टर सिस्टरला म्हणाले, "काही झालेलं नाही हिला, नाटक आहे." मी पडल्या पडल्या ऐकत होते.

आईने फ्रिजवर वर्ज्य गोष्टींची यादी लावलीय. दही, कोबी, वांगं, मोबाइल, सिनेमा, डोक्यावरून अंघोळ, अमावास्येला बाहेर पडणं... चौतीस झाल्यात. आत्या कांदा घेऊन तयारच असते. आता स्थळं बघतायत आणि लग्न ठरेपर्यंत कुणी तोंड उघडायचं नाही असं ठरलंय.

हे नेमकं कशाने होतं? कोणत्या औषधाने गुण येईल? आणि मी खरंच नाटक करते का?

— तुमची एक भाची

*

भाची,

मावशी म्हटलंस, तेव्हा अगंतुगंच करते.

आधी तिसरा प्रश्न, कारण पहिले दोन त्याच्यामागे अडकून बसलेत. नाही, तू नाटक करत नाहीस. त्या डॉक्टरांना जे दिसलं ते कदाचित त्यांनी बरोबर ओळखलं असेल. त्याला दिलेलं नाव मात्र चुकीचं होतं, आणि तुला ऐकू येतंय याचं भान त्यांना असायला हवं होतं.

मी डॉक्टर नाही. बँकेत बत्तीस वर्षं नोकरी केली आणि त्याहून जास्त वर्षं फिटच्या गोळ्या खाल्ल्या, एवढीच माझी लायकी. तेव्हा मी जे लिहिते त्यातलं औषधाचं प्रत्येक वाक्य तुझ्या न्यूरॉलॉजिस्टसमोर ठेवायचं, परस्पर अमलात आणायचं नाही.

तुझं पत्र दुसऱ्यांदा वाचलं ते पेन्सिल घेऊन. तू दोन वेगळ्या गोष्टी सांगतेस आणि दोन्हींना "झटका" हा एकच शब्द वापरतेस. घरचेही तेच करत असणार. डॉक्टरांनी विचारलं की "महिन्यात दहा-बारा येतात" असं उत्तर गेलं असणार. तिथेच घोळ झाला. महिन्यात दहा-बारा ऐकल्यावर कुठलाही डॉक्टर गोळी वाढवणारच.

हळदीच्या पहाटेचा आणि दिवाळीतला, हे दोन एका जातीचे. त्यांना "अ" म्हणू. जागरणानंतरची पहाट, अंग ताठ होणं, मग झटके, चावलेली जीभ, ओले कपडे, मधल्या काळाची पाटी कोरी. वर ईईजीत दोष. याला अपस्मार म्हणतात, आपल्याकडचं साधं नाव फिट किंवा फेफरं. असा झटका बहुतेक वेळा दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतो, पण नंतर अर्धा-एक तास माणूस गोंधळलेला असतो आणि दुसऱ्या दिवशी अंग असं दुखतं की जणू कुणी बडवून काढलंय.

ऑफिसातले मात्र दुसऱ्या जातीचे वाटतात. त्यांना "ब" म्हणू. डोळे घट्ट मिटलेले, वीस-पंचवीस मिनिटं चालणारे, मध्येच थांबून पुन्हा सुरू होणारे, कान जागे ठेवणारे, शेवटी रडू आणणारे. यातलं एखादंच लक्षण असतं तर मी गप्प बसले असते. इतकी एकत्र आली की डॉक्टरांच्याही मनात फंक्शनल सीझर किंवा डिसोसिएटिव्ह सीझर (सीझर म्हणजे इथे झटका) हा विचार येतो. जुन्या पिढीतले डॉक्टर याला स्यूडोसीझर म्हणायचे, म्हणजे खोटी फिट, आणि त्या "खोटी" शब्दाने बायकांचं अतोनात नुकसान केलंय. (पुरुषांनाही असे झटके येतात. बायकांना जास्त येतात.) यात मेंदूत अपस्मारासारखा विजेचा लोळ उठत नाही. पण शरीराची धोक्याची घंटा एकदम वाजते आणि मेंदू माणसाला काही वेळ त्याच्याच अंगापासून तोडून टाकतो. घंटा तू वाजवत नाहीस. थांबवणंही तेव्हा तुझ्या हातात नसतं. भीतीने दातखिळी बसते तेव्हा कुणी ती मुद्दाम बसवत नाही, तसंच हे.

आणि एकाच माणसाला दोन्ही असू शकतं. फंक्शनल झटके येणाऱ्या साधारण दर पाच जणांत एकाला अपस्मारही असतो. त्यामुळे "मग मला अपस्मार नव्हताच" असा उलटा निष्कर्ष काढून गोळ्या बंद करू नकोस. असं करून पस्तावलेले लोक मी पाहिलेत.

तिसरी एक शक्यता नोंदवून पुढे जाते. साधी चक्कर येऊन पडणाऱ्याचेही हातपाय झटकतात. 1994 साली जर्मनीत निरोगी तरुणांना मुद्दाम चक्कर आणून त्याचं चित्रण केलं गेलं. पूर्ण बेशुद्ध झालेल्या 42 जणांपैकी 90 टक्क्यांचे हातपाय झटकताना दिसले. फिट कुणालाच नव्हती. तुझ्या वर्णनाशी हे जुळत नाही. तरी तुझा ईसीजी काढलाय का, पत्रात नाही. नसेल तर काढून घे. हृदयाच्या ठोक्यातला दोष कधीकधी फिटच्या वेषात येतो, आणि ही तपासणी स्वस्त आहे, पाच मिनिटांची आहे.

आता हे पत्रावरून ठरत नाही. ठरतं व्हिडिओ ईईजीवर. म्हणजे डोक्याला तारा लावून, समोर कॅमेरा ठेवून, एक-दोन दिवस किंवा जास्त दाखल करून घेतात आणि झटका येण्याची वाट बघतात. तुला आठवड्यातून दोन-तीनदा येतात, तेव्हा फार वाट बघावी लागणार नाही. झटका चालू असताना मेंदूचा आलेख काय म्हणतो हे एकदा दिसलं की वर्षभराचा वाद मिटतो. मोठ्या शहरांतल्या न्यूरॉलॉजी विभागांत ही सोय असते. साध्या ईईजीवर विसंबू नकोस. तो वीस-तीस मिनिटांचा असतो आणि अपस्मार असलेल्यांपैकी जवळपास निम्म्यांचा पहिला ईईजी नॉर्मल येतो. उलट अगदी थोड्या निरोगी माणसांच्या ईईजीतही दोष दिसतो. ईईजी हा पुरावा आहे, निकाल नव्हे.

तोवर एक काम तुझ्या मैत्रिणीला सांग: मोबाइलवर व्हिडिओ. डॉक्टरांची पंचाईत काय असते सांगू? झटका संपल्यावर पेशंट त्यांच्यासमोर येतो आणि शेजारपाजारचे चार जण चार कहाण्या सांगतात. "असा थरथरत होता, डॉक्टर!" म्हणून एखादा काका स्वतः थरथरून दाखवतो. एका मिनिटाच्या चित्रणाला या सगळ्यापेक्षा जास्त किंमत आहे. सुरुवात सापडली तर उत्तम. चेहरा आणि डोळे दिसू देत, मग दोन्ही हात, मग पूर्ण अंग. चित्रण चालू असतानाच तुला हाक मारायची, एखादा शब्द सांगायचा, नंतर तो आठवतो का ते विचारायचं. किती वाजता सुरू झालं, किती वाजता थांबलं, घड्याळात बघून. घाबरलेल्या माणसाला दोन मिनिटं वीस वाटतात, म्हणून घड्याळ. आणि हे चित्रण कुठल्याही ग्रुपवर जाणार नाही, हे त्या मैत्रिणीकडून आधी कबूल करून घे.

आता फ्रिज.

तुझ्या आईची यादी कशी वाढली असेल ते मला न विचारता कळतंय. झटका आला की पहिला प्रश्न, "आज काय खाल्लं होतंस?" दही खाल्लेलं असतं. लिहा दही. आठवड्यातून तीनदा झटका येणाऱ्या आणि चारदा दही खाणाऱ्या मुलीच्या बाबतीत दही सापडणारच. वांगंही सापडेल. आमच्या घरी, मी एकोणीस वर्षांची असताना, आंबोळी सापडली होती. पुढची सहा वर्षं घरात आंबोळी झाली नाही, आणि मला त्या सहा वर्षांत फिट मात्र येत राहिल्या, कारण मी परीक्षेच्या काळात रात्र रात्र जागत होते आणि ते कुणी लिहूनच ठेवलं नाही.

झटक्याच्या दिवसांची नोंद सगळेच ठेवतात. झटका न आलेल्या दिवसांची कुणी ठेवत नाही. किती वेळा दही खाल्लं आणि काहीही झालं नाही? तो आकडा नसेल तर दह्यावर आरोप ठेवता येत नाही. म्हणून वही घाल, साधी दोनशे पानी, आणि रोज झोपताना पाच गोष्टी लिही: किती तास झोपले, कोणती शिफ्ट, गोळी किती वाजता घेतली, पाळीचा कितवा दिवस, काही आजारपण किंवा दुसरं औषध. झटका आला असेल तर त्याची जात, "अ" की "ब", आणि त्याआधीची दहा मिनिटं: कुठे होतीस, कोण होतं, काय चाललं होतं, जेवली होतीस का. नसेल आला तरी वरच्या पाच ओळी लिहायच्याच. दोन-तीन महिने. मग आईला शेजारी बसवून दोघी मिळून यादीवर काट मारा.

काही काटे मी इथेच मारून देते. अमावास्या कटाप. वांगं कटाप. कोबीची गोष्ट जरा वेगळी आहे. "कोबीतली अळी डोक्यात जाते" असं आपल्याकडे म्हणतात, त्याला थोडा आधार आहे. हिरव्या अळीचा इथे काही संबंध नाही, संबंध आहे पट्टकृमीच्या अंड्यांचा. मैल्याने दूषित झालेल्या कच्च्या भाजीतून किंवा पाण्यातून अंडी पोटात जातात, गाठ मेंदूत बसते आणि तिच्यामुळे फिट येतात. भारतात फिटचं हे मोठं कारण आहे. पण तुझा एमआरआय स्वच्छ आहे. कोबी धुऊन, शिजवून खुशाल खा. डोक्यावरून अंघोळीचंही असंच. कढत पाण्याचे तांबे डोक्यावर ओतताना फिट येण्याचा एक प्रकार खरोखर आहे, दक्षिण भारतात, विशेषतः कर्नाटकात, त्याच्या भरपूर नोंदी आहेत. इचलकरंजीहून कर्नाटकची सीमा जवळ आहे म्हणून आईच्या कानावर आलं असेल, कोण जाणे. पण तुझे दोन्ही मोठे झटके अंघोळीत आलेले नाहीत. कोमट पाण्याने डोक्यावरून अंघोळ कर.

मोबाइल आणि सिनेमा. लखलखत्या प्रकाशाने फिट येते ही गोष्ट खरी, पण अपस्मार असलेल्या शंभरांतल्या साधारण तिघांची. 16 डिसेंबर 1997 ला जपानमध्ये पोकेमॉनचा एक भाग टीव्हीवर लागला, त्यात लाल-निळा प्रकाश भराभर लुकलुकत होता आणि त्या संध्याकाळी साडेसहाशेहून जास्त मुलांना दवाखान्यात न्यावं लागलं. तेव्हापासून हे जगभर लोकांच्या डोक्यात बसलंय. तू त्या तिघांतली आहेस का, हे तुझ्या ईईजीच्या कागदावर लिहिलेलं असेल. तपासणीत डोळ्यांसमोर दिवा लुकलुकवतात, त्या ओळीला "फोटिक स्टिम्युलेशन" म्हणतात. ती ओळ वाचून घे. दोष नसेल तर सिनेमा बघ. रात्री दोनपर्यंत बिछान्यात मोबाइल बघणं वेगळं. ते झोपेच्या खात्यात जातं.

आणि या चौतीसांत काय नाही ते बघ. रात्रपाळी नाही! बाई, तुझे दोन्ही मोठे झटके मला पत्रातच स्वतःचं कारण सांगतायत. एक जागरणानंतर, दुसरा गोळी चुकल्यावर. अपस्मार असलेल्या माणसाची दोन खरी कारणं ही, आणि ती इतकी कंटाळवाणी आहेत की कुणी फ्रिजवर लावत नाही. दर दोन आठवड्यांनी शिफ्ट बदलणं म्हणजे झोपेचं गणित दर दोन आठवड्यांनी मोडणं. न्यूरॉलॉजिस्टकडून "कायम दिवसपाळी द्यावी" अशी दोन ओळींची चिठ्ठी घे आणि एचआरला दे. आजाराचं नाव चिठ्ठीत असायलाच हवं असं नाही. हे तू महिनाभरात कर. दह्याचं बघू नंतर.

बाकीची खरी कारणं पटकन सांगते. ताप. उलट्या-जुलाब, कारण गोळी घेतल्यावर लगेच उलटी झाली तर ती पोटात राहत नाही. दारू, आणि त्याहून जास्त दारूच्या दुसऱ्या दिवसाची सकाळ. काही बायकांना पाळीच्या आसपास. काही औषधं: दुखण्यावरचं ट्रॅमाडॉल, सिप्रोफ्लॉक्सासिनच्या घराण्यातली अँटिबायोटिक्स. म्हणून दातांच्या डॉक्टरपासून सर्वांना आधी सांगायचं, "मला फिटची औषधं चालू आहेत." आणि कापूर. कापूर पोटात गेला तर फिट येते हे जुनंच ज्ञान आहे, पण निलगिरी तेलाची वाफ आणि कापराचे बाम यांच्यामुळेही फिट आल्याच्या नोंदी बंगळुरूच्या डॉक्टरांनी प्रसिद्ध केल्यात. सर्दी झाली की नुसत्या पाण्याची वाफ घे. आरतीतला कापूर दुरून चालतो, पुरचुंडी नाकाशी धरून हुंगत बसायचं नाही.

दुसरा प्रश्न औषधाचा. यात मला तुझा हेवा वाटतो, कारण तुझ्या औषधाला गुण आलेला आहे आणि तुझ्याच लक्षात आलेलं नाही. दिवाळीनंतर "अ" झटका आला? नाही. म्हणजे 500 च्या गोळीने स्वतःचं काम चोख केलंय. वाढवलेली गोळी आणि वरची क्लोबाझाम "ब" झटक्यांसाठी आली, आणि "ब" जर फंक्शनल निघाले तर फिटची गोळी त्यावर चालणार नाही, पाच हजारांची घेतलीस तरी. तोवर तिचे दुष्परिणाम मात्र तू पुरेपूर भोगतेस. चिडचिड हा लेव्हेटिरासिटामचा माहितीतला दुष्परिणाम आहे. सगळ्यांना होत नाही, पण ज्यांना होतो त्यांच्या घरात भांडी आपटतात. तो तुझा स्वभाव नाही, आईला सांग. आणि ती गुंगी बहुधा क्लोबाझामची. डॉक्टरांना हे दोन्ही स्पष्ट सांगायचं, "मी खूप चिडते" असं ओशाळून नाही, तर "डोस वाढल्यापासून चिडते, आधी नव्हते" असं तारखेसकट. गोळी कमी करता येते, बदलता येते. पण स्वतःच्या मनाने एकही बंद करायची नाही, आणि क्लोबाझाम तर मुळीच नाही. ती एकदम सोडली की फिट येऊ शकते.

ग्लासगोच्या डॉक्टरांनी 2000 साली 470 नव्या पेशंटांचा हिशोब छापला होता. पहिल्याच औषधावर 47 टक्के लोकांचे झटके थांबले, दुसऱ्या-तिसऱ्यावर आणखी 14 टक्क्यांचे. म्हणजे दोन नीट निवडलेली, पुरेशा डोसची औषधं झाली आणि फरक नाही, तर तिसरं-चौथं रचत बसण्याऐवजी थांबून विचारायचं, "हा अपस्मारच आहे ना?" तुझ्या बाबतीत हा प्रश्न विचारण्याची वेळ झालेली आहे. अपॉइंटमेंटला हाच प्रश्न कागदावर लिहून ने, कारण आत गेल्यावर आपली वाचा बसते.

आणखी एक. पुढे कधी सोडियम व्हॅल्प्रोएटचा विषय निघाला तर लग्नाचं चाललंय हे डॉक्टरांना तिथेच सांग. उत्तम औषध आहे, पण गरोदरपणात घेतलं तर दहातल्या एका बाळात जन्मतः व्यंग असण्याचा धोका असतो, आणि तीस ते चाळीस टक्के मुलांच्या वाढीत, बुद्धीत अडचणी येतात. लेव्हेटिरासिटाम त्या मानाने खूप सुरक्षित मानतात. फॉलिक अ‍ॅसिड गरोदर राहण्याच्या आधीपासून लागतं, ते कधी आणि किती हेही विचार.

गोळ्यांची एक पट्टी पर्समध्ये ठेव, एक ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये. उपासाला गोळी चालते. निर्जळी असेल तरी गोळीपुरतं पाणी घ्यायचं. एकादशीला कुणी बोललं तर माझं नाव सांग.

आता "ब" झटक्यांचं. यांना औषध नाही म्हणून उपाय नाही असं नाही. निदान पक्कं झालं आणि कुणीतरी नीट बसून समजावून सांगितलं, एवढ्यानेच काहींचे झटके कमी होतात. नंतर मानसोपचार, त्यातही सीबीटी नावाची, विचारांच्या आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारी पद्धत. फसवत नाही तुला: ब्रिटनमध्ये 368 लोकांवर झालेल्या आणि 2020 साली छापल्या गेलेल्या मोठ्या चाचणीत वर्षाअखेरीस झटक्यांच्या संख्येत फारसा फरक दिसला नाही. पण सीबीटी घेतलेल्यांचे झटके नसलेले दिवस सलग जास्त जायला लागले, रोजचे व्यवहार सुधारले, त्रास कमी वाटायला लागला. मला विचारशील तर तेही थोडं नव्हे. "टेन्शन घेऊ नका" हा मात्र उपचार नव्हे. टेन्शन काय आपण दुकानातून घेऊन येतो?

तुझ्याकडे एक फार मोलाची गोष्ट आहे: थरथर, घशातला गोळा, लांब गेलेले आवाज. म्हणजे "ब" येण्याआधी तुला निरोप येतो. त्या मिनिटभरात काय करायचं ते शांत असताना रोज दोनदा घोकून ठेव. बूट-चप्पल काढून दोन्ही पाय फरशीला टेकवायचे. गार पाण्याची बाटली हातात धरायची. समोर दिसणाऱ्या पाच वस्तूंची नावं मोठ्याने घ्यायची: पंखा, खुर्ची, पाटी, खिडकी, चहाचा कप. श्वास सोडताना सावकाश सोडायचा, घेतल्याच्या दुप्पट वेळ. पहिल्या दहा वेळा काही होणार नाही. नंतर एखादा झटका अर्ध्यावरून परत जाईल. या झटक्यांची कारणं ताटात शोधू नकोस, त्या दहा मिनिटांच्या नोंदीत शोध. कदाचित बॉसचा आवाज निघेल, कदाचित न खाल्लेलं जेवण, कदाचित ती इमर्जन्सीची खोली. कदाचित काहीच निघणार नाही, तसंही होतं.

ऑफिसात एका-दोघांना विश्वासात घे आणि आयकार्डामागे एक चिठ्ठी ठेव. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. वीस मिनिटं हलणारी मुलगी बघून अनोळखी इमर्जन्सीत झोपेची इंजेक्शनं एकामागून एक देतात, आणि त्याने श्वास मंदावू शकतो. चिठ्ठीत न्यूरॉलॉजिस्टचं नाव-फोन, दोन्ही प्रकारांचं एकेका ओळीत वर्णन, गोळ्या, आणि काय करायचं ते. काय करायचं ते दोन्हींना सारखंच: कुशीवर वळवा, डोक्याखाली काहीतरी मऊ द्या, गळ्यातलं सैल करा, घड्याळ बघा. हातपाय दाबून धरायचे नाहीत, तोंडात काही घालायचं नाही, ना चमचा ना पाणी. अंग ताठ होऊन आलेला झटका पाच मिनिटांत थांबला नाही, किंवा शुद्ध न येता दुसरा सुरू झाला, तर मात्र अँब्युलन्स. लांबलेली फिट थांबवायला नाकात मारायचा मिडाझोलामचा स्प्रे मिळतो, तो तुला "अ"साठी हवा का आणि कधी वापरायचा, हे डॉक्टरांकडून लिहून घे.

आत्याच्या कांद्याचं गुपित एवढंच, की फिट तशीही दोन-तीन मिनिटांत थांबते आणि तेवढ्यात आत्या स्वयंपाकघरातून कांदा फोडून आणते. श्रेय कांद्याला. चप्पल हुंगवणाऱ्यांचंही हेच. भांडू नकोस, आत्याला घड्याळ बघायचं काम दे.

लग्नाचं. सांगायचं. ठरण्याआधी, आणि तू स्वतः. पहिल्या चहा-पोह्यांत नको, दुसऱ्या भेटीत, मुलाला एकट्याला. रडवेलं तोंड करून नाही. "मला अपस्मार आहे, रोज गोळी घेते, अमुक दिवसांपासून फिट आलेली नाही, झोप सांभाळावी लागते." एवढं. 1999 साली हिंदू विवाह कायद्यातून आणि विशेष विवाह कायद्यातून अपस्माराचा अडसर काढून टाकलेला आहे. तेव्हा आजार आहे म्हणून लग्न बेकायदा ठरत नाही. लपवलं म्हणून भांडण कोर्टात जाऊ शकतं, आणि कोर्टात नाही गेलं तरी गोळ्या माळ्यावरच्या डब्यात लपवून घ्यायला लागतात, मग त्या चुकतात, मग काय होतं ते तुला दिवाळीत कळलंय. मी नवऱ्याला तळ्यातल्या गणपतीच्या बाहेर बाकावर बसून सांगितलं होतं. त्याने विचारलं, "मग तेव्हा मी काय करायचं असतं?" त्याच्या आधीच्या दोघांनी घड्याळ बघितलं होतं. पुण्यात "संवेदना" नावाचा अपस्मार असलेल्यांचा स्वमदत गट बरीच वर्षं काम करतोय, तिथे जाऊन बस एकदा. आपल्यासारखीच माणसं संसार करताना, नोकऱ्या करताना दिसतात.

दुचाकी चालवतेस का, लिहिलं नाहीस. चालवत असशील तर आज थांबव. लायसन्सच्या अर्जात फॉर्म एक असतो, त्यात अपस्मार किंवा अचानक शुद्ध हरपण्याचा त्रास आहे का, असा सरळ प्रश्न आहे. हिंजवडीचा ट्रॅफिक आणि तुझे "ब" झटके, दोन्ही बेभरवशाचे.

पत्र लांबलं. पीजीतल्या बाथरूमला आतून कडी लावू नकोस. बाहेर "आत आहे" अशी पाटी अडकव आणि रूममेटला सांगून जा. व्हिडिओ ईईजीचा रिपोर्ट आला की मला कळव, आणि यादीत किती उरल्या तेही.

— मावशी